दारातला बाक काढू की ठेवू?

फोंड्याहून एका वाचक भगिनींनी लिहिलेल्या पत्राचा हा सारांश:

"आम्ही तीन वर्षांपूर्वी गावातलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर सोडून फोंड्यात दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. घरात आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. दार उघडलं की ४ फूट रुंद आणि ७ फूट लांब पॅसेज लागतो, तिथून हॉल. या पॅसेजनं माझा जीव खाल्लाय. चपला, शाळेचे बूट, दोन हेल्मेट, छत्र्या, रेनकोट, दप्तरं, सगळं तिथेच पडतं. पाऊस लागल्यापासून कुबट वास येतो. गावचं मूळ घर मोडकळीला आलंय, म्हणून यंदा चवथीचा गणपती पहिल्यांदाच फ्लॅटवर येणार, सगळं गोत जमणार. म्हणून इंटिरियरवाल्याला बोलावलं. त्यानं जमिनीपासून छतापर्यंत एमडीएफचं शू-कपाट, मागून दिवे लावलेलं चकचकीत पॅनेल, फॉल्स सीलिंग, नव्या टाइल्स आणि हॉलकडची अर्धी भिंत पाडणं असा बेत दिला. खर्च १,८०,००० रुपये. पण त्यात सासूबाईंचा बाक काढावा लागतो. फणसाच्या लाकडाचा हा बाक गावच्या घराच्या वसरीवरून, म्हणजे ओसरीवरून, त्यांनी सोबत आणलाय आणि त्या रोज संध्याकाळी तिथेच बसतात. त्या काही बोलल्या नाहीत, आणि हेच मला खातंय. हे म्हणतात, 'एवढ्याशा जागेवर कोण पैसे घालतं?' जागा सोयीची आणि देखणी करायची तर काय करू? आणि बाकाचं काय करू?"

नमस्कार ताई,

दार उघडताच घर प्रसन्न दिसावं असं वाटण्यात काही गैर नाही. तो हट्टही नाही आणि उधळपट्टीही नाही. दिवसातून दहा वेळा ज्या जागेतून जावं लागतं ती जागा रोज डोळ्यांत खुपत असेल, तर माणूस चिडचिडा होतोच. यजमानांना हे एकदा शांतपणे सांगा. त्यांचं हेल्मेटही त्याच ढिगात असतं ना?

मात्र तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबतचे फोटो मोठे करून पाहिले, आणि मला वाटतं की तुम्ही तीन गोष्टी धरून चालला आहात. जागा लहान आहे म्हणून पसारा होतो, ही पहिली. पाहुण्यांच्या नजरेला भरेल ते चांगलं, ही दुसरी. आणि बाक हीच अडचण, ही तिसरी. मला या तिन्ही पटत नाहीत.

पसाऱ्यापासून सुरुवात करू. एखाद्या पावसाळी दिवशी रात्री आठ वाजता, सगळे घरी आल्यावर, पॅसेजमधल्या एकेका वस्तूची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ही उद्या सकाळी इथूनच बाहेर जाणार आहे का? शाळेचे बूट जाणार, हेल्मेट जाणार, छत्री जाणार. लग्नातल्या मोजड्या जाणार नाहीत. फोटोत दिसतोय तो ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा रिकामा खोका जाणार नाही. बॅडमिंटनच्या रॅकेट आठवड्यातून एकदा जातील. "उद्या जाणार" एवढंच दारात राहील, बाकीचं आत, असा नियम लावला तर माझ्या अंदाजानं निम्मा ढीग सुतार न बोलावताच उठेल. माणशी दोन जोड दारात, म्हणजे पाच माणसांचे दहा जोड. उरलेले बेडरूमच्या कपाटाखाली किंवा पलंगाखालच्या खणात, कोरडे करून. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमच्या कंत्राटदाराचं कपाट. ते १४ इंच खोल आहे, आणि मोठ्या माणसाच्या बुटांना तेवढी खोली लागतेच. त्यात त्याची चूक नाही. चूक आहे ती बंद दारांची आणि एमडीएफची. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्या महिन्यांत हवा इतकी ओली की कपाटातल्या कोरड्या चामड्यावरसुद्धा बुरशी धरते. भिजलेला बूट बंद कपाटात ठेवला तर चार दिवसांत तो आतून पांढरा. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी. कडेची पट्टी जराशी सुटली की ती पाणी पिते, फुगते, आणि एकदा फुगली की परत बसत नाही. चपलांच्या तळाशी पाणी असणारच, मग तीच फळी तिथे कशाला? लाकडीच काही करायचं असेल तर बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय मागा, त्यावर 'आयएस ७१०' असा शिक्का असतो. आणि दारं घालायचीच असतील तर ती फटींची असू द्या, जुन्या खिडक्यांच्या झडपांसारखी, म्हणजे हवा खेळते.

यापेक्षा मोठी गोष्ट मला तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसली. उजव्या भिंतीच्या तळाशी, बाकाच्या मागच्या पायापाशी, रंगाला फोड आलाय आणि खाली पांढरी भुकटी सांडलीय. कुबट वास नुसता चपलांचा नसावा. ही भिंत ओली आहे. चकचकीत पॅनेल नेमकं याच भिंतीवर येणार होतं. ओल्या भिंतीवर पॅनेल ठोकलं की ओल जात नाही, नजरेआड होते. मागे बुरशी वाढते आणि लाकडी चौकट असेल तर वाळवीला आयतं घर मिळतं. म्हणून आधी एक साधी चाचणी करा. दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा त्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. पाणी प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला साचलं तर ओल भिंतीतून येतेय, म्हणजे बाहेरची भेग, शेजारचं न्हाणीघर किंवा पाइप शोधायला हवा. खोलीकडच्या बाजूला साचलं तर ती हवेतली ओल आहे, मग हवा खेळती ठेवणं हाच उपाय. हे कळल्याशिवाय भिंतीवर एक रुपयाही घालू नका.

अर्धी भिंत पाडण्याबद्दल मी ठाम नको म्हणेन. इमारत आरसीसीची असेल तर ती भिंत नुसती भरावाची असू शकते, पण तो निर्णय इंटिरियरवाल्याचा नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनियरचा. सोसायटीची लेखी परवानगीही लागेल. पण समजा दोन्ही मिळाल्या, तरी पाडून साधणार काय? दार उघडलं की जिन्यातून थेट हॉल दिसेल, ओले पाय हॉलभर फिरतील, आणि टेकून बसायला, खुंटी ठोकायला जी भिंत आहे ती जाईल. लहान जागेत भिंत हीच साठवण असते.

आता बाकाकडे येते.

तुम्ही लिहिलंय की सासूबाई संध्याकाळी दार उघडं ठेवून बाकावर बसतात, जिन्यातून जाणारे-येणारे दोन शब्द बोलतात, आणि मुलं क्लासहून येईपर्यंत त्या उठत नाहीत. ताई, गावच्या घरात ही जागा वसरीवर होती. गोव्यातल्या कुठल्याही जुन्या घरासमोरून संध्याकाळी चालत जा. हिंदू घर असेल तर वसरीवर, ख्रिस्ती घर असेल तर बल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या पडवीतल्या, सोप्यांवर (बांधलेल्या बैठकांवर) कुणी ना कुणी बसलेलं दिसतं. आत आणि बाहेर यांच्यामधली ती जागा मुद्दाम बांधलेली असायची. तिथे चपला निघायच्या, छत्री टेकायची, नारळ पाडणारा हिशेब करायचा, आणि ज्याला घरात घ्यायचं नाही पण परतही पाठवायचं नाही अशा माणसाला पाणी मिळायचं. फ्लॅट बांधणाऱ्यांनी ती जागा वगळली. तुमच्या सासूबाईंनी चार बाय सातच्या पॅसेजमध्ये ती एका बाकावर पुन्हा उभी केलीय. मला तर वाटतं, तुमच्या घरात दर्शनी जागेचा खरा उपयोग आज त्या एकट्याच करताहेत.

हे भावनेच्या भरात लिहीत नाही, माप घेऊन सांगते. बाक ४ फूट लांब, १८ इंच खोल. पॅसेज ४८ इंच रुंद. म्हणजे चालायला ३० इंच उरतात. एका माणसाला हे पुरतं. समोरच्या भिंतीला १४ इंचांचं कपाट केलं तर १६ इंच उरतील, म्हणजे आडवं होऊन जावं लागेल. तेव्हा बाक आणि खोल कपाट दोन्ही ठेवता येणार नाही, इथे कंत्राटदार बरोबर आहे. फक्त काढायचं काय, हे त्यानं उलटं ठरवलं. सात-आठ इंच खोलीचं, पुढे कलंडणाऱ्या खणांचं कपाट मिळतं, पण बाकासमोर तेही लावलं तर वाट २२ इंचांवर येते. हातात भाजीच्या पिशव्या असताना रोज कोपर आपटेल.

मी बाक ठेवेन आणि चपला त्याच्याखाली नेईन. बाकाची बैठक जमिनीपासून १७ इंच आहे म्हणता. खाली दोन मजली, फटीफटींची, सरकवून बाहेर काढता येणारी घडवंची बसते. एका मजल्यावर पाच जोड, दोन मजल्यांवर दहा. म्हणजे आपला मघाचा आकडा. खालचा मजला फरशीपासून तीन-चार इंच वर हवा, नाहीतर केरसुणी जात नाही आणि तिथेच झुरळं होतात. घडवंचीला स्टेनलेस स्टीलच्या नळ्या किंवा सागाच्या पट्ट्या. लोखंडी जाळी नको, एका पावसात गंज सुटून फरशीवर तांबडे डाग पडतील. भिजलेल्या जोडांसाठी दाराजवळ वेगळा ट्रे ठेवा. कडाप्प्याचा दीड-दोन फुटांचा तुकडा घेऊन त्याला कडेनं अर्धा इंच पट्टी लावून घेतली की झालं. त्यावर छत्र्याही निथळतील. मात्र दार पुरतं उघडताना तो ट्रे आड येत नाही ना, ते आधी पाहा. तुमचं दार आत उघडून डाव्या भिंतीला टेकतं, त्यामुळे डावीकडचे पहिले साडेतीन फूट हे दाराचेच आहेत, तिथे काही ठेवता येणार नाही. ट्रे उजवीकडे, बाकाच्या आधीच्या कोपऱ्यात हवा, आणि तोही दार ज्या कमानीत फिरतं त्याच्या बाहेर. खडूनं फरशीवर ती कमान काढा, सुताराला वेगळं समजावावं लागणार नाही.

आणि एक मुद्दा चवथीचा. गणपती दारातून येताना मूर्ती धरणारा एक, बाजूला सांभाळणारा एक, मागे आरतीचं ताट. तेव्हा ३० इंच पुरणार नाहीत. बाक सुटा आहे, त्या दिवशी उचलून हॉलमध्ये नेता येतो, आणि तिथे चार पाहुण्यांची बसायची सोय करतो. भिंतीत ठोकलेलं कपाट चवथीला बाजूला होत नाही. उद्या फ्रिज आणायचा असो की, देव न करो, घरातल्या कुणाला स्ट्रेचरवरून न्यायची वेळ येवो, तेव्हाही हेच.

डाव्या भिंतीचा दारापलीकडचा भाग राहतो, साधारण साडेतीन फूट. तिथे जमिनीवर काहीच नको. पितळी किंवा ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या खुंट्या दोन ओळींत लावा: मोठ्यांसाठी पाच फुटांवर, मुलांसाठी साडेतीन फुटांवर. मुलांची दप्तरं जमिनीवर पडतात कारण खुंटी त्यांच्या हाताला लागत नाही. हेल्मेटला जरा पुढे आलेली, जाड खुंटी हवी, आणि ती प्लॅस्टरमध्ये नव्हे तर आतल्या विटेत नीट प्लग ठोकून बसवलेली. रेनकोट मात्र इथे नकोत, ते गॅलरीत किंवा न्हाणीघरात निथळूनच आत येऊ द्या. किल्ल्यांसाठी चार इंचांची एक फळी, तिच्यावर उभा आरसा. आणि दाराच्या आतल्या कडीला सध्या तुम्ही पोदेराची (पाववाल्याची) कापडी पिशवी अडकवता ना, तिलाही स्वतःची खुंटी द्या, म्हणजे सकाळी हॉर्न वाजल्यावर कुणी शोधत फिरणार नाही.

याच भिंतीवर तुमचा विजेचा डीबी बॉक्स, म्हणजे घरातल्या सगळ्या मुख्य स्विचांची पेटी, आहे. कंत्राटदारानं त्यावर आरशाचं पॅनेल दाखवलंय. तसं करू नका. गोव्यात वळवाच्या पावसात विजा कडाडतात, एमसीबी (आपोआप बंद होणारा मुख्य स्विच) पडतो, आणि अंधारात सासूबाई एकट्या असल्या तरी त्यांना तो बॉक्स हातानं उघडता आला पाहिजे. दिसायला नको असेल तर बिजागरीवर उघडणारी हलकी फळी किंवा चित्राची चौकट पुढे लावा, स्क्रू घातलेलं काही नको. इलेक्ट्रिशियन येणारच आहे तर आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला आहे ना, तेही त्याला विचारून घ्या. ओल्या पायांच्या घरात तो हवाच.

फरशीबद्दल एवढंच सांगते: चकचकीत टाइल ७४ वर्षांच्या बाईंच्या दारात, पावसाळ्यात, कदापि नको. आहे ती फरशी मॅट असेल तर बदलूही नका. बदलायचीच असेल तर दुकानात नमुन्यावर पाणी ओतून ओल्या पायानं उभ्या राहून बघा. दाराबाहेर खरखरीत काथ्याचं पायपुसणं आणि आत पाणी शोषणारं, असे दोन टप्पे ठेवा. पण उंबरठ्यापाशी थोडी जागा मोकळी सोडा, सासूबाईंची रांगोळी तिथे असते हे फोटोत दिसलं. बाकाच्या कडेला, उठताना धरायला, कमरेच्या उंचीवर एक भक्कम दांडा बसवा. आज त्यांना गरज नसेल, पण भिंतीचं काम निघेल तेव्हाच तो लावलेला बरा.

आता देखणेपण. तुम्हाला ते हवं आहे आणि ते मिळायला हवं, पण ते दिव्यांच्या पॅनेलमधून येईल असं मला वाटत नाही. तसली पॅनेलं मुंबई-पुण्यातल्या हजार घरांत एकसारखी दिसतात. तुमच्या पॅसेजमध्ये एकच वस्तू अशी आहे जी दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि ती म्हणजे तो बाक. त्याच्यावर काळपट तेलकट थर बसलाय तो सुताराकडून हलक्या हातानं घासून घ्या. फणसाचं लाकूड खाली पिवळसर-सोनेरी निघतं आणि वर्षं जातात तसं गडद होत जातं. मग त्याच्या मागच्या भिंतीला, डोकं आणि पाठ टेकते तिथवर, टाइल्सचा पट्टा लावा. तेलाचे डाग पडणारी ती जागा, ती पुसता येण्यासारखीच हवी. हा पट्टा निळ्या-पांढऱ्या आझुलेजोचा, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइल्सचा, केलात तर सोनेरी लाकडामागे फार सुंदर दिसेल. पणजीला गेलात तर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जा. १९३५ च्या सुमारास तिथल्या भिंतींवर बसवलेल्या निळ्या आझुलेजो अजून आहेत. दर्शनी जागा फर्निचरशिवाय कशी उठते ते तिथे कळतं. पूर्ण भिंत नको, हातानं रंगवलेल्या टाइल्स महाग पडतात. एक ओळ, दोन ओळी पुरे. फॉल्स सीलिंगऐवजी बाकाच्या बाजूला, डोक्याच्या जरा वर, पिवळसर उजेडाचा एक भिंतीवरचा दिवा लावा, ३००० केल्विनचा. आणि दारावर माणूस आल्यावर आपोआप लागणारा एक छोटा सेन्सर-दिवा. दोन्ही हात भरलेले असताना त्याची किंमत कळते.

ज्या वाचकांचं घर अजून चिऱ्याचं आहे आणि जे वसरी किंवा बल्कांव "नवा" करायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठीही दोन शब्द. चिरा पाणी शोषतो आणि बाहेर टाकतो. त्याच्यावर सिमेंटचं प्लॅस्टर आणि वर प्लॅस्टिक पेंट चढवला की आत गेलेलं पाणी अडकतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग तिथे जास्त टिकतो. सोप्यांवर पॉलिश केलेला ग्रॅनाइट घालू नका, उन्हात तापतो आणि पावसात घसरतो. आणि फ्लॅटवाल्यांनी जागा नाही म्हणून शू-रॅक जिन्याच्या सामाईक वाटेत ठेवू नये. आग लागली तर सगळी इमारत त्याच वाटेनं पळणार असते.

वेळेचं गणित असं मांडा. चवथीला दोन महिने आहेत आणि ते दोन्ही पावसाचे. या दिवसांत लाकूड फुगलेलं असतं, पॉलिश पांढुरकं धरतं, प्लॅस्टर सुकत नाही. म्हणून आत्ता फक्त यादी, ओलीची चाचणी, खुंट्या, बाकाखालची घडवंची, कडाप्प्याचा ट्रे आणि दिवे, म्हणजे हातासरशी होणारी कामं. एवढ्यानंही चवथीला दार वेगळं दिसेल. बाक घासणं, ओलीची दुरुस्ती, टाइल्सचा पट्टा, रंग हे दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. १,८०,००० मधला मोठा भाग वाचेल. त्यातले काही ओल काढण्यासाठी राखून ठेवा, तो खर्च कधीकधी अंदाजापेक्षा वाढतो.

आणि कंत्राटदाराला फोन करण्याआधी एका संध्याकाळी तुम्ही स्वतः सासूबाईंशेजारी त्या बाकावर बसा. "आई, हा बाक इथेच ठेवायचाय, तुम्हाला तो कुठे आणि कसा सोयीचा पडेल?" असं विचारा. बाक इथेच राहणार हे आधी सांगा आणि मग विचारा, नाहीतर त्या "तुम्हाला बरं वाटेल तसं करा" एवढंच म्हणतील. दिवा डोळ्यांवर येतो का, दांडा कुठल्या हाताला हवा, वारा कुठून लागतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्यांनी सांगितलेलं त्या खडूच्या कमानीशेजारीच फरशीवर मांडून ठेवा आणि सुतार आला की त्याला तेच दाखवा.